काविळीची माळ आणि कल्लाप्पा डॉक्टर

आमच्या शेजारचे कल्लाप्पा डॉक्टर कुणाला रामराम घालत नसत. माणूस समोर आला की त्याची खालची पापणी ओढून डोळा पिवळा आहे का ते बघायचे. गंजबाजारातल्या हमालांचे बघितले, ठीक आहे. पण माझ्या मेव्हण्याच्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी, त्यांनी नवरदेवाचा डोळा उघडला! मुलीकडचे उठून चालले होते. मी आडत दुकानदार, चारचौघांत अब्रू राखून राहणारा. संताप येणार नाही?

त्यांचा संताप मात्र माझ्याहून मोठा. लिव्हर आणि पोटाचे आजार हा त्यांचा अभ्यास. त्यांचे लेख परदेशी मासिकांत छापून यायचे आणि लातुरात कुत्रं विचारत नव्हतं. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, जीपगाड्या नव्या, कचेरीपुढं कारंजं नवं. आणि गल्लीत प्यायला टँकरचं गढूळ पाणी! दुष्काळानं आड आटलेले, घरोघरी कावीळ. डॉक्टर कचेरीत जाऊन ओरडले, "साहेब, ह्याच पाण्यातून कावीळ पसरायलीय!" साहेब म्हणाले, "जिल्हा नवा आहे, जरा दमानं घ्या." लोकांची लिव्हरं काय जिल्हा जुना व्हायची वाट बघणार होती?

लोक मग माळवाल्याकडं पळायचे. ओल्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती आपोआप वाढत गळ्यात, मग पोटावर येते. माळ उतरली की कावीळ उतरली! हे ऐकलं की डॉक्टर कडाडायचे, "पुरावा काय?" शेवटी त्यांनी स्वतःच्या ठणठणीत डोक्यावर माळ चढवली आणि गावभर हिंडले. त्यांचीही पोटापर्यंत आली. "बघा! मला कावीळ न्हाई, तरी वाढली. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, बास!" त्यावर लेखसुद्धा छापून आणला. गावानं अर्थ काय घ्यावा? "अहो, खुद्द डॉक्टरसाब माळ घालायलेत!" माळवाल्याच्या दारात ही झुंबड. मी हसलो, तर किती दिवस माझ्याशी अबोला.

मग माझ्या लेकीला, गौरालाच कावीळ झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून द्या, खाऊ घाला, पडू द्या. आणि माझ्या आईनं, अव्वानं, माझ्या पाठीमागं पोरीच्या डोक्यावर माळ ठेवली. वर सकाळ-संध्याकाळ देवाचं तीर्थ शिंपडायची. माळ तशीच हिरवीगार, जागची हलेना. गल्लीतल्या पोरांच्या माळा कधीच उतरल्या होत्या. गौरानं मनात धरलं, "माझी उतरत न्हाई, म्हणजे मी मरणार." अन्न तोंडात घेईना, पाणीसुद्धा गिळेना. डोळे खोल गेले. मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत माळेला हात घातला, "तोडून टाकतो ही ब्याद!"

डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "अण्णा, थांबा. तोडली तर पोर धसका घेईल."

त्यांनी माळ चाचपली. ओली होती.

"अव्वा, पाणी टाकता काय हिच्यावर?"

"तीर्थ हाय ते!"

"आता टाकू नका. ह्या माळेला ऊन लागतं. पोरीला खिडकीशी बसवा."

मी बघतच राहिलो. माळेचं पितळ उघडं पाडणारा माणूस हा! लातूरचं ऊन ते, काड्या वाळायला कितीसा वेळ? संध्याकाळी डॉक्टर परत आले तेव्हा माळ कानावरून घसरून गळ्यात आली होती. गौरा मात्र वस्ताद. क्षीण आवाजात म्हणाली, "माळ सैल झाली असंल. मी बरी व्हायलेय, पुरावा काय?"

डॉक्टर तिच्यापुढं खाली बसले. तिची पापणी हलकेच ओढून बराच वेळ बघितलं.

"डोळा निवळायला लागला, बाई. मी कधी खोटं बोलतो का?"

डोळा कालच्यासारखाच पिवळाधमक होता. मला दिसत होतं.

"मग भूक लागली," गौरा म्हणाली. अव्वा वरणभाताला धावली.

ओट्यावर येऊन डॉक्टरांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्यावरच डाफरले, "अण्णा, हे कुठं छापायचं न्हाई. समजलं?"

गौरा बरी झाली, आता सासरी सुखात आहे. डॉक्टर राहिले नाहीत. म्हणून मी छापून टाकलं. यावं त्यांनी, भांडावं, माझी पापणी ओढून बघावं. डोळा लाल आहे, डॉक्टर. पिवळा नाही.