धोंड्याच्या जेवणानंतरची पॉलिश

धोंड्याचं जेवण झालं, जावईबापू माजघरात आडवे झाले आणि कारभारी आबांनी त्यांची गाडी धुवायला काढली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

अधिक महिना होता. या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, हे पारनेरजवळच्या त्या वस्तीवरही ठरलेलं होतं. सुनीलराव चाकणला एका कंपनीत कामाला होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आजवर ते अश्विनीला घेऊन एसटीनं यायचे. या खेपेला काळ्याभोर, लांबलचक गाडीतून उतरले. आबांनी "कधी घेतली?" म्हणून विचारलं, तर जावई नुसते हसले. आबांना त्यांचा हा साधेपणा फार आवडला.

आता पाहुणा पोटभर जेवून झोपलेला आणि त्याची गाडी मात्र धुळीनं माखून अंगणात उन्हात उभी, हे काही आबांना बघवेना. त्यांच्या घरची रीतच वेगळी होती. पाहुणा आला की आधी त्याचे बैल सोडायचे, धुवायचे, त्यांच्यापुढे वैरण टाकायची आणि मग पाहुण्याला पाणी द्यायचं. गाडीपुढे वैरण टाकायची सोय नव्हती, म्हणून आबा निदान धुण्यावर आले. दोन बादल्या पाणी, मूठभर कपड्यांची पावडर आणि स्वतःचे बैल धुवायची काथ्याची घासणी. बैलाची पाठ घासावी तशी त्यांनी गाडीची पाठ मायेनं, जोर लावून घासली. मान घासली, कुशी घासल्या, पुढचं तोंड तर दोनदा घासलं.

पाणी वाळलं आणि आबा घासणी हातात धरून गाडीवर वाकले. उन्हात त्या काळ्या बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं चमकत होतं. दारांवर तेच, टपावरही तेच. आबांनी थुंकी लावून एक जागा पुसून पाहिली, तर ओरखडे आणखीच उजळले.

त्यांनी बायकोला, रंगुबाईंना, हाक मारली. रंगुबाईंनी गाडी पाहिली, मग नवऱ्याच्या हातातली घासणी पाहिली आणि आणखी काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

"पोरीला जन्मभर ऐकावं लागंल," त्या म्हणाल्या. "तुज्या बापानं माज्या गाडीचा बैल केला म्हनून."

आबांना नेमकी हीच भीती होती. जावई शब्दानंही बोलायचे नाहीत, पण मनात ठेवतील. पुढच्या सणाला काहीतरी काम निघेल, त्याच्या पुढच्यालाही निघेल. मग अश्विनी एकटीच एसटीनं येईल आणि का एकटी आलीस, हे तिला विचारायची आपली हिंमत व्हायची नाही.

थोरला मुलगा वाल्मिक पारनेरच्या रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवायचा. जेवून तो नुकताच दुकानावर गेला होता. फोन गेला आणि वीस मिनिटांत तो मोटारसायकलवर पॉलिशचं मशीन घेऊन हजर झाला. सोबत पॉलिशची बाटली आणि मायक्रोफायबरचे तीन पॅड होते. मऊ लव असलेले, ताटलीएवढे गोल. मशीनला लावून फिरवायचे. महिन्यापूर्वीच त्याने ते मागवले होते आणि आत्तापर्यंत फक्त एका टेम्पोवर वापरून पाहिले होते. टेम्पोवाल्याची काही तक्रार नव्हती, पण टेम्पोवाल्याची कधीच कशाबद्दल तक्रार नसे.

त्याने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि आबांना बाजूला घेऊन समजावलं. रंगाच्या वर काचेसारखा एक पातळ थर असतो आणि ओरखडे त्या थरातच आहेत. तो केसभर घासून सपाट केला की ओरखडे जातात. हा पॅड भराभर घासतो, पण तापतोही भराभर. एका जागी जास्त वेळ धरला, कडेवर गेला, तर वरचा थर जाऊन रंग उघडा पडतो. मग गाडी पुन्हा रंगवल्याशिवाय इलाज नाही.

"म्हंजी आत्ता ओरखडे हायेत, ते जाऊन टक्कल पडंल?" आबांनी विचारलं.

"पडू शकतं."

"तुला येतं ना हे काम?"

"टेम्पोला आलं हुतं," वाल्मिक म्हणाला.

जावई पाचला निघणार होते. घड्याळात दोन वाजून गेले होते. अश्विनीला माजघराच्या दाराशी बसवलं आणि काही झालं तरी नवऱ्याला बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही. गाडीला कुलूप नव्हतं; वाल्मिकने हँडब्रेक सोडून ती गोठ्याच्या सावलीत ढकलत नेली, कडांना चिकटपट्टी लावली, पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाकले आणि मशीन सुरू केलं.

मशीन भुंग्यासारखं घोंघावलं. बॉनेटचा हातभर तुकडा त्याने पुसून पाहिला, तर आत गोठ्याचा पत्रा खिळ्यांसकट दिसत होता. एकही ओरखडा नव्हता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात अश्विनी धावत आली आणि गोठ्याच्या भिंतीपलीकडूनच ते कूस बदलतायत, हा कसला आवाज, असं दबक्या आवाजात विचारून गेली.

आता या आवाजाचं काय करायचं? आबांनी फार विचार केला नाही. वस्तीवर कडबा कुट्टीचा आवाज झाला तर कुणी दचकून उठत नाही. त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यातलं कुट्टीचं यंत्र चालू करून कडब्याच्या पेंढ्या सारायला सुरुवात केली. मशीनचा आवाज त्यात पार बुडाला. जावई घोरायला लागल्याची बातमीही आली. फक्त कुट्टीचा भुसा वाऱ्यावर उडून गाडीवर बसू लागला. पॉलिशच्या ओलाव्याला तो चिकटला, पॅडच्या लवेत शिरला आणि डाव्या दारावर वाल्मिकने मशीन टेकवताच आधी नव्हते असले चार नवे ओरखडे उठले.

वाल्मिकने मशीन बंद केलं. त्याने नुसतं दाराकडे बोट दाखवलं आणि आबांनी निमूटपणे कुट्टी बंद केली.

दुसरा पॅड लावला. डावं दार पुन्हा पहिल्यापासून घासलं. या पॅडची गोम अशी की, तो निघालेला रंगाचा चुरा स्वतःच्याच लवेत धरून ठेवतो. प्रत्येक भाग झाला की तो झटकून साफ करावा लागतो, नाहीतर तोच चुरा पुन्हा रंगावर घासला जातो. दुकानात त्यासाठी हवेची नळी होती. इथे वाल्मिक दर पाच मिनिटांनी दाताच्या ब्रशने पॅड विंचरत बसला होता. ब्रश कुणाचा, हे त्याने विचारलं नाही.

पहिला, भुशाने भरलेला पॅड रंगुबाईंनी उचलून नेला होता. आपणही काही हातभार लावावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो साबणाने स्वच्छ धुतला, पिळला आणि लवकर वाळावा म्हणून चुलीतल्या निखाऱ्यांवर अजून गरम असलेल्या तव्यावर पसरला. लव आखडली, वितळली आणि थंड झाल्यावर पापडासारखी कडक झाली. तो पापड त्या घेऊन आल्या तेव्हा वाल्मिक उजव्या बाजूला होता. त्याने तो हातात घेतला, वाजवून पाहिला आणि परत दिला. दुसरा पॅडही तोवर लव झिजून बोळका झाला होता, म्हणून त्याने शेवटचा लावला.

पावणेचार वाजले. टप झाला, डिकी झाली, उजवी दोन्ही दारं झाली. फक्त मागचा डावा भाग राहिला आणि वीज गेली.

अचानक सगळीकडे शांतता झाली. त्या शांततेत माजघरातली खाट करकरली.

घरात इन्व्हर्टर होता, पण छोटा. त्याच्यावर पंखा तरी चालेल किंवा मशीन तरी. वाल्मिकने बापाकडे पाहिलं. आबांनी डोळे मिटून पंखा बंद करायला सांगितलं. पुढची पंधरा मिनिटं माजघरात रंगुबाई आणि अश्विनी सुपांनी जावयाला वारा घालत होत्या, बाहेर वाल्मिकचं मशीन रडतखडत फिरत होतं आणि आबा मधेच उभे राहून एकदा सुपाच्या आवाजाकडे, एकदा मशीनच्या आवाजाकडे कान देत होते. शेवटच्या वितीला इन्व्हर्टर केविलवाणा ओरडू लागला. वाल्मिकने तेवढा भाग हातानेच पॅड फिरवून पुरा केला. त्याचा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

सव्वाचारला त्यांनी गाडी ढकलत पुन्हा अंगणात आणली. चिकटपट्ट्या काढल्या, फडक्याने शेवटचा हात मारला. गाडी आरशासारखी झाली होती. वस्तीवरच्या छबूबाई रस्त्याने जाता जाता थांबल्या, दारात स्वतःचं रूप पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि मगच पुढे गेल्या.

सुनीलराव डोळे चोळत ओट्यावर आले. गाडीकडे नजर गेली आणि ते जागीच थांबले. मग खाली उतरले. एक फेरी मारली, दुसरी मारली. बॉनेटवर वाकून पाहिलं, दार तिरपं धरून उन्हात पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला.

आबांना वाटलं, ओळखलं. शहरातला माणूस, त्याला गाडीतलं कळणारच. कुठंतरी थर उघडा पडलाय आणि यांना तो दिसलाय. त्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी पुढे होऊन हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. बैलांची घासणी, ओरखडे, वाल्मिकचं मशीन, कुट्टीचा भुसा. पंखा आपणच बंद केला, हेही सांगितलं.

"चूक माजी हाय, पाव्हनं," ते म्हणाले. "पोरीवर राग धरू नका."

सुनीलरावांनी त्यांचे हात धरले.

"मामा, ओरखडे तुमचे नाहीत. आधीपासूनच होते, धुळीखाली. ते साहेबांचे आहेत."

"कुन्या साहेबांचे?"

"गाडी साहेबांची आहे."

अश्विनीने मान खाली घातली. मग सुनीलरावांनी अडखळत सांगितलं. साहेब आठ दिवस परदेशी गेलेले. गाडीची किल्ली यांच्याकडे देऊन गेलेले, रोज सकाळी पार्किंगमध्येच नुसती चालू करून बंद करायला. धोंड्याला एसटीनं जायचं बरं दिसणार नाही, असं नवरा-बायको दोघांनाही वाटलं. साहेब उद्या सकाळी येणार होते.

"ते रोज स्वतः कोरडं फडकं मारतात गाडीवर. सहा वर्षं. त्याचेच ते ओरखडे. एकेक ओरखडा त्यांच्या ओळखीचा आहे," सुनीलराव म्हणाले. "गाडी जागची हललीच नाही, असं सांगणार होतो मी. आता त्यांना वाटेल, कुठंतरी ठोकली आणि रंगवून आणली. नोकरी जाईल, मामा."

आबांना आधी एकदम हलकं वाटलं. आपण काही बिघडवलं नव्हतं. राग यायला हवा होता, पण तोही येईना. दोन वर्षं ज्या माणसापुढे ते दबून बोलत होते, तो आज त्यांच्यासारखाच घाबरून अंगणात उभा होता आणि आज पहिल्यांदा आबांना तो घरचा वाटला. त्यांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. मग मशीनची वायर गुंडाळत बसलेल्या वाल्मिकजवळ जाऊन ते उकिडवे बसले आणि हळू आवाजात विचारलं,

"वाल्मिक, हे उलटं फिरतं का रं?"