बैलांच्या नाकाचा फोटो

कुंडलच्या बैलगाडी शर्यतीत निकाल देण्याचं काम शिवांजलीच्या गळ्यात पडलं ते तिच्या वडिलांच्या, नाथाजींच्या, तोंडामुळे. आपली पोरगी जर्मनीत लेझरने अणूला ढोसते आणि तो हलला रे हलला की एक्स-रेने त्याचा फोटो काढते, हे त्यांनी वर्षभर पारावर इतकं सांगितलं होतं की ती सुट्टीला येताच अर्धं गाव तिला गुडघे दाखवायला येऊन गेलं.

फायनलला दोनच जोड्या उरल्या. एक नाथाजींची, दुसरी मलकापूरच्या भाऊसोंची. भाऊसोंच्या शंभूराजशी शिवांजलीचा साखरपुडा दुसऱ्याच दिवशी होता. आणि मागच्या साली असल्याच एका निकालावरून भाऊसोंनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणजे साखरपुडा आता बैलांच्या नाकावर टांगलेला.

"आबा, आमचं ते यंत्र तीन किलोमीटर लांबीचं, आन् तिकडं जर्मनीत हाय," शिवांजली काकुळतीला आली. "हितं माझ्याकडं नुसता फोन हाय."

"मग फोननं काढ. बोट तर तुझंच हाय न्हवं?"

"काढू द्या की," भाऊसोही म्हणाले. "जिला अणू दिसतोय तिला बैलाचं नाक दिसंना व्हय?"

शिवांजली रेषेच्या एका टोकाला उभी राहिली. समोरच्या टोकाला, गर्दीत, शंभूराज होता. हलगी वाढली, धुरळा जवळ आला, तिने बटण दाबलं. दोन्ही जोड्या जणू एकाच वेळी रेषा ओलांडून गेल्या.

"आमची!" "आमची!" करत दोन्हीकडची माणसं भिडली. कुणीतरी चाबूक उगारला. नाथाजींनी फोन ओढून घेतला, भाऊसोंनी त्यात मान घातली.

फोटो कमालीचा स्पष्ट होता. शंभूराजच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. स्वारी फोटो काढणारीकडे बघून हसत होती.

"बैलं कुठायत गं?" नाथाजींनी विचारलं.

"यायची हायत," शिवांजली खाली मान घालून म्हणाली.

दोघा बापांनी फोन गर्दीपासून आड धरला. इकडे गर्दी रेटत होती.

"पावनं, ह्यो फोटो गावात फिरला तर दोघांचीबी इज्जत जाईल," शेवटी भाऊसो पुटपुटले. "साखरपुडा सांच्यालाच उरकू."

"मी तेच म्हणणार हुतो," म्हणत नाथाजींनी फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला, आणि माईकवाल्याच्या कानाला लागले.

मग कर्ण्यावरून घोषणा झाली, "जर्मन पद्धतीने तपासणी केली असता दोन्ही जोड्यांत एका अणूचाही फरक आढळलेला नाही."