काचेची दोन टोकं

"त्याला सांग, माझा अंगठा काचेखाली आहे."

फोनमधून नवऱ्याची ही कुरकुर आली, तेव्हा वहिनींच्या तोंडात टाचण्या होत्या आणि मशीनच्या सुईखाली कुणाच्या तरी झग्याची बाही होती. त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या, फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला.

"भाऊजी, ह्यांचा अंगठा काचेखाली आहे."

"दिसतोय मला," दीर म्हणाला. "त्यांना म्हणावं, काढा मग."

वहिनींनी पुन्हा पहिला नंबर लावला. "भाऊजी म्हणतायत, काढा."

"उचलल्याशिवाय काढू कसा? त्याला सांग, उचल."

"भाऊजी, उचला."

अंगठा निघाला. त्या वेळी दोघे भाऊ एकाच खिडकीपाशी, एकाच काचेची दोन टोकं धरून, एकमेकांच्या नाकासमोर उभे होते. दोघांच्या कानात वायरी, खिशात फोन. निरोप मात्र घरी मशीनवर बसलेल्या वहिनींकडून वळसा घालून जायचा.

दोघांचं काचा बसवायचं दुकान होतं. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या दर्शनी काचा. हा धंदा दोघांचाच. काच एकट्याला उचलता येत नाही, नाहीतर दुकानाचे कधीच दोन तुकडे झाले असते. मागे एका केशकर्तनालयाचा भलाथोरला आरसा नेताना फुटला. आधी कुणी सोडला, यावरून तिथेच, गिऱ्हाइकासमोर, जुंपली. थोरला म्हणाला, "ह्याला धरता येत नाही." धाकटा म्हणाला, "ह्यांना सांगता येत नाही." तेव्हापासून थोरल्यानं सांगणं सोडलं आणि धाकट्यानं ऐकणं.

वहिनींनी सुरुवातीला समेटाचा प्रयत्न करून पाहिला. तेव्हा नवरा भरल्या ताटावरून उठला. दीर उठला नाही, पण जेवण झाल्यावर हात पुसत शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमच्यासाठी राहतोय मी. पण आणखी एक काच फुटली की मी वेगळा. घरानं आणि दुकानानंही."

तेव्हापासून त्या विषयावर सगळ्या घरानं मिठाची गुळणी धरली. सासूबाई तर बोलायची वेळ आली की जे हाताशी असेल ते तोंडात टाकत. वहिनींच्या वाट्याला निरोप आले. एक काच सांभाळली की एक दिवस घर सांभाळलं, असा त्यांचा हिशेब होता.

माणसं या व्यवस्थेला सरावली. फोन सरावला नाही. तो इतका तापायला लागला, की वहिनी त्याच्यावर कॉलरची टोकं दाबून घेत. दुपार झाली की तो मान टाकायचा. शेवटी एकदा निरोपांच्या घाईत वहिनींनी बाहीचं तोंडच शिवून टाकलं आणि गिऱ्हाईक बाई हात आत घालून बाहेर पडायची वाट बघत राहिली. त्या संध्याकाळी घरात बैठक बसली.

"फोन जुना झालाय," थोरला खिडकीकडे बघत म्हणाला.

"वहिनी, त्यांना सांगा, प्लॅनपण जुना झालाय," धाकटा दाराकडे बघत म्हणाला. दोघांच्या मध्ये फक्त चहाची किटली होती.

"त्याला म्हणावं, मग चांगला घेऊ. बोलण्याला मर्यादा नको."

"त्यांना म्हणावं, बॅटरीपण मोठी बघू. दिवसभर पुरायला पाहिजे."

"बरोबर बोलतोय, म्हणावं."

वहिनींनी काही सांगायच्या आत दोघांचं एकमत झालं होतं. कितीतरी दिवसांनी त्या घरात एकमत झालं, आणि तेही एकमेकांशी न बोलण्याची सोय आणखी पक्की करण्यावर. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे, बोलायला तोंड उघडलं आणि त्यात मटाराचे दाणे टाकले.

फोनच्या दुकानातली मुलगी हसतमुख होती. "काकू, वापर कसा आहे तुमचा? फोटो काढता? सिनेमे बघता?"

"निरोप देते," वहिनी म्हणाल्या.

मुलीनं जुना फोन हातात घेतला, चटका बसला तसा खाली ठेवला आणि बोटाच्या टोकानं कॉलची यादी सरकवत गेली. यादी संपेना आणि तिच्यात दोन नंबरांशिवाय तिसरा दिसेना.

"हे दोघं कोण?"

"एक नवरा, एक दीर."

"खूप लांब असतात का?"

"काचेच्या दोन टोकांना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

मुलगी ऐकत राहिली. तिच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. "पण काकू, मग ते दोघं सरळ..." ती म्हणाली. तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या साहेबानं खाकरून तिच्याकडे पाहिलं. मुलीनं भुवया खाली आणल्या. "...मग तुम्हाला कॉन्फरन्स कॉल लागेल. तिघं एकदम लाईनवर. आणि त्यासाठी हा प्लॅन. आणि त्या प्लॅनसाठी हा फोन."

फोन सुरेख होता. थंडगार, गुळगुळीत, आरशासारखा. वहिनींनी त्यात आधी आपले केस सारखे केले.

दुसऱ्या दिवसापासून तिघं एकदम लाईनवर आले. आता थोरल्याचं बोलणं धाकट्याला थेट ऐकू येऊ लागलं, म्हणजे मोठीच पंचाईत. दोघांनी त्यावर तोडगा काढला: वहिनी म्हणेपर्यंत काही ऐकलंच नाही असं धरायचं. थोरला म्हणे, "त्याला सांग, वर घे." धाकटा काच धरून तसाच उभा. वहिनी म्हणत, "भाऊजी, वर घ्या." मग काच वर जाई.

काही दिवसांत वहिनींना कंटाळा आला. एवढं सगळं पुन्हा म्हणायचं कशाला? त्या नुसतं "हं" म्हणू लागल्या. "त्याला सांग, तिरकी कर." "हं." काच तिरकी होई. "वहिनी, त्यांना म्हणावं, घाई नको." "हं." घाई थांबे. वहिनींचं मशीन भरधाव चालू लागलं, अडलेले झगे घरोघर पोचले. "नवा फोन मानवला गं तुला," सासूबाई म्हणाल्या. वहिनी म्हणाल्या, "हं."

नेमका तोच "हं" एका दुपारी गळ्याशी आला. एक गिऱ्हाईक बाई झगा घालून आरशासमोर उभी होती. "बाही अजून आखूड करायची ना?" तिनं विचारलं.

"हं," वहिनी म्हणाल्या.

त्याच क्षणी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका दिवाणखान्यात थोरल्यानं विचारलं होतं, "सोडू का, विचार त्याला."

थोरल्यानं सोडली. धाकट्याच्या हातून काच निसटली, घसरली आणि मागच्या सोफ्यावर एखाद्या पाहुणीसारखी टेकून बसली. फुटली नाही. पण फोनवर धाकट्याची धाप ऐकून वहिनींच्या हातातली कात्री थांबली.

"वहिनी," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "आज फुटली असती."

पुढचं त्यानं म्हटलं नाही. वहिनींना ते रात्रभर ऐकू येत राहिलं.

आता कुणालाही वाटेल की यातून दोघं काही शिकले असतील. शिकले. पुन्हा एकमत झालं. दोष वहिनींच्या खोलीतल्या गलक्याचा ठरला. वहिनी पुन्हा दुकानात गेल्या. मुलगी पुन्हा "पण काकू..." म्हणाली, साहेब पुन्हा खाकरला, आणि तिघांसाठी बाहेरचा आवाज कानात शिरू न देणारे इअरफोन आले. ते घातले की शेजारी ढोल वाजला तरी पत्ता लागू नये. काखेत कळसा होताच. आता गावाला वळसा घालायला बूटही नवे आले.

आणि मग आलं वाचनालयाचं काम.

वाचनालयाची नवी इमारत वहिनींच्याच रस्त्याच्या टोकाला होती. तिची दर्शनी काच म्हणजे दोन माणसांना पेलेल तेवढी मोठ्यात मोठी. ती नीट बसली तर इमारतीच्या सगळ्या खिडक्या ह्यांच्याच. न बसली तर काय, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. वहिनींनी त्या दिवशी मशीनवर कापड घातलं, गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणून सांगितलं, कानात इअरफोन घातले आणि फोन समोर ठेवून बसल्या.

"त्याला सांग, टेम्पोतून काढतोय."

"हं."

"वहिनी, त्यांना म्हणावं, धरली."

"हं."

"त्याला सांग, आता मागे..."

फोनचा पडदा काळा झाला. त्यावर एक पांढरं चक्र उगवलं आणि सावकाश फिरू लागलं. खाली अक्षरं आली: नवीन सुधारणा बसवल्या जात आहेत. कृपया प्रतीक्षा करा.

वहिनींनी बटण दाबलं. फोन हलवला. पदरानं पुसला. चक्र आपल्या चालीनं फिरत राहिलं. जुना फोन तापायचा, मान टाकायचा, पण भर कामात स्वतःला सुधारायला कधी बसला नव्हता.

"आई, चला," वहिनी म्हणाल्या, आणि गळ्यातल्या मोजपट्टीसकट धावत सुटल्या. मागून सासूबाई, ओंजळीत शेंगदाणे.

वाचनालयासमोर गर्दी जमली होती. मधोमध काच उभी होती, तिच्या एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. पुढे नाही, मागे नाही. रस्त्यावरच्या गाड्या खोळंबल्या होत्या. दोघांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि दोघं काचेतून एकमेकांकडे बघत "हं"ची वाट पाहत होते.

वहिनींना पाहून थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "आलीस? त्याला सांग, हळूहळू मागे जा म्हणून."

वहिनींनी आपल्या आणि त्याच्याही कानातले इअरफोन काढले आणि फिरणारं चक्र त्याच्यासमोर धरलं. "फोन बंद आहे."

"अगं, फोन कशाला? इथे उभी आहेस ना? तोंडानं सांग."

वहिनींनी तोंड उघडलं. "भाऊजी" हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तेवढ्यात धाकट्याच्या हाताला रग लागली आणि निरोपाविनाच तो एक पाऊल मागे सरकला. त्याच्या मागे वाचनालयाची पायरी होती. त्याला ती दिसत नव्हती. वहिनींना दिसत होती. काचेतून थोरल्यालाही दिसत होती.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. सांग ना, असं त्याचे डोळे म्हणत होते.

वहिनींनी एकदा पायरीकडे पाहिलं. आणि त्यांनी ओठ मिटले. तोंडात टाचण्या असल्यासारखे, घट्ट.

धाकट्याची टाच आणखी मागे आली.

"बाळ्या, पायरी!"

ही हाक अशी होती की खोळंबलेल्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघू लागली. बाहेरचा कोणताही आवाज आत न सोडणाऱ्या इअरफोनमधून ती आरपार गेली. लहानपणी विहिरीच्या काठावर खेळताना थोरला जशी हाक मारायचा, तशीच. धाकटा जागच्या जागी थिजला.

काच किंचित थरथरली आणि थांबली.

धाकट्यानं मान खांद्याकडे वाकवली आणि खांद्यानंच एका कानातला इअरफोन पाडला. "किती लांब आहे?"

"अर्धं पाऊल. टाच लावून बघ. हां. आता चढ."

"चढलो. दादा, तुमचा अंगठा."

"काय झालं अंगठ्याला?"

"काचेखाली येतोय. नेहमी येतो. जरा वर धरा."

"मग आजवर बोलला नाहीस ते?"

"बोललो की. वहिनींना."

थोरल्यानं अंगठा वर घेतला. "सावकाश," तो म्हणाला. "सावकाशच चाललोय," धाकटा म्हणाला. डावीकडे, उजवीकडे, जरा टेकव, आता उचल, तुझ्याकडून दाब, तुमच्याकडून सोडा. काच चौकटीत अशी गेली, जसं काजात बटण. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाड्यांनी भोंगे वाजवले. नव्या काचेत सगळा रस्ता उमटला, आणि त्यात मधोमध, गळ्यात मोजपट्टी घातलेल्या वहिनी, डोळे पुसताना.

त्याच वेळी त्यांच्या हातातला फोन उजळला. सुधारणा यशस्वीरीत्या पूर्ण झाल्या आहेत, असं तो म्हणत होता.

वाचनालयाच्या सगळ्या खिडक्यांचं काम मिळालं. रात्रीचं जेवण एका पंगतीत होऊ लागलं, आणि तुंबलेलं बोलणं असं वाहू लागलं की पानात काय वाढलंय हे दोघांना कळेना. त्या फुटलेल्या आरशाचा विषयही निघाला.

"आधी तू सोडलास."

"दादा, तुम्ही शिंकलात."

"शिंकताना काय, सांगून शिंकायचं?"

"हो. वहिनींकडून."

अशीच खडाजंगी चालली असताना नवा फोन वाजला. वहिनींचे हात पिठाचे होते, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर चालू केला. दुकानातली मुलगी होती.

"काकू, तुमचा वापर एकदमच थांबलाय. सेवेत काही अडचण आहे का? तुमच्यासाठी याहून मोठा प्लॅन आलाय."

थोरल्यानं वाटीत बघितलं, धाकट्यानं पेल्यात. सासूबाईंनी सवयीनं काकडीची फोड उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि परत ताटात ठेवली.

"पोरी," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या, "ह्या घराला फोनही नको होता आणि प्लॅनही नको होता. ह्या दोघांना, एकमेकांशी बोला रे, एवढंच सांगायला हवं होतं."

पलीकडून मुलीचा आवाज आला, साहेबाला ऐकू जाणार नाही इतका हळू.

"आजी, मलापण पहिल्या दिवशी हेच म्हणायचं होतं."