दोनाचे चार तास

या, जरा पुढे सरका. मागच्यांनी भिंत सोडली तरी ती पडणार नाही. भगवंताने आपल्याला डोळे दिले दोन. आजच्या गोष्टीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना तिसराही दिला होता, संशयाचा. गिऱ्हाइकाने कितीही शपथेवर माप सांगितलं, तरी टेप लावल्याशिवाय त्या कात्री उचलत नसत. नवऱ्यालाही हाच नियम.

नवरा यंत्रं दुरुस्त करणारा. दर महिन्याला विमानाने पूर्वेकडच्या एका शहरी जायचा. जातानाच्या तिकिटावर सुटायची वेळ नऊ, पोचायची तीन. येतानाही तिथून नऊला निघायचा आणि चारला दारात हजर. सहा तास विमान, तासभर रस्ता. बाईंनी हा हिशेब पास केला होता.

घोटाळा केला एका गिऱ्हाइकाने. विमानात नोकरी करणारी ती मुलगी बाहीचं माप देता देता म्हणाली, "तिथे? चार तासांत पोचतो की आम्ही!"

बाईंच्या हातातली टाचणी तिच्या दंडात गेली.

त्याच दिवशी चार वाजता नवरा दौऱ्यावरून परतला. बूटही काढू दिले नाहीत.

"अहो, तुमचं विमान वाटेत कुठे थांबतं का?"

"विमान? छे गं."

"मग तुम्ही कुठे थांबता? अंतर चार तासांचं, तुम्हाला लागतात सहा. दोन तास कुणाच्या घरी सांडून येता?"

नवरा खुशीत हसला. इथे तो अगदी निर्दोष होता. त्याने भिंतीवरचं घड्याळ काढलं, गजराचं शेजारी ठेवलं. "हे आपलं. नऊ वाजलेत. तिथलं दोन तास पुढे, म्हणजे अकरा. चार तास उडालो, तिथे झाले तीन. दिसतात सहा, असतात चार!"

बाईंनी दोन्ही घड्याळांचे काटे स्वतः फिरवून पाहिले. पटलं.

"चुकलंच माझं. चहा टाकते."

नवरा बुटांसकट खुर्चीत पसरला. स्वयंपाकघरात भांडं काही वाजेना. बाई बाहेर आल्या त्या चहाऐवजी गजराचं घड्याळ घेऊन.

"जाताना दोन तास जास्त दिसतात."

"शाबास!"

"मग येताना कमी दिसायला हवेत."

नवऱ्याचा हलता पाय थांबला.

"तिथे नऊ, म्हणजे इथे सात. चार तास उडालात, अकरा. रस्त्याचा एक, बारा. आणि तुम्ही उगवता चारला!"

पाहा मंडळी, संशय होता दोन तासांचा. याने नीट समजावून तो चारांचा करून दिला.

"कोण आहे ती?" बाईंनी विचारलं.

"ती नाही गं. ते. इथल्याच विमानतळामागच्या गल्लीत. डोळ्यांत थेंब घालतो, नखं काढून देतो, जरा बोलत बसतो. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय."

बाईंनी घड्याळ खाली ठेवलं. त्या गल्लीत त्यांचे वडील राहत. टेप धरायला त्यांनीच शिकवलं होतं. लेकीच्या लग्नाला मात्र आले नव्हते. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"माझं विचारतात?"

"आधी माझं. दारातच. 'विमान अकराला उतरलं ना जावईबापू? मग इतका वेळ होतात कुठे?'"

बाईंना रडता रडता हसू फुटलं. "वाळलेत का?"

"बरेच. सदरा खांद्यावरून उतरतो."

"अंदाजाने कापड कापायची मला सवय नाही." त्यांनी टेप गळ्यात टाकला. "चला, माप घ्यायला हवं."

"आत्ता? आत्ताच तर आलो तिथून!"

"मग बूट पायात आहेतच की."

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या म्हाताऱ्या शिंप्याची आठवण असू द्या. कडी वाजली की तो आतून "कोण?" म्हणून विचारेल. आणि उत्तर ऐकून त्याचा विश्वास बसणार नाही.