घरची काडतुसं

खानझोडेकाका बारूद मोजायला बसले की घरात कुणी शिंकायचं नाही. जिन्यावरून धावायचं नाही आणि ड्रायर तर लावायचाच नाही. बाहेर उणे तीस असो, काका आधी घर तापवणारा फर्नेस बंद करतात, कारण त्याच्या झोतानं काट्याची सुई हलते. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहतो. भर हिवाळ्यात स्वतःच्या खोलीत ब्लँकेट गुंडाळून, नाक दाबून बसलेला माणूस पाहायचा असेल तर कॅनडात सस्काटूनला या.

"काका, गारठलो हो मी!" एकदा न राहवून ओरडलो.

"गारठ ना बे, पण चूप गारठ!" भिंतीपलीकडून उत्तर आलं.

काका मूळचे नागपूरचे. तिकडे कोळशाच्या खाणीत इंजिनिअर होते, मग इथे पोटॅशच्या खाणीत आले आणि इथेच रिटायर झाले. लोक रिटायर झाल्यावर टोमॅटो लावतात. काका काडतुसं भरतात. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकायची नाही. ती स्वच्छ करायची, बुडाला नवी टिकली बसवायची, आत मोजून बारूद घालायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. हे सगळं वॉशिंग मशीनशेजारच्या बाकावर, दांड्याच्या एका हातयंत्रावर चालतं. काडतुसंही साधीसुधी नव्हेत, मॅग्नम रिव्हॉल्व्हरची, बोटाएवढी जाड.

"डोळ्यानं नाही, काट्यानं," हे त्यांचं पेटंट वाक्य. फोडणीची मोहरीही ते काट्यावर धरतात. मी पहिल्यांदा खोली पाहायला आलो तेव्हा त्यांनी विचारलं, ऑफिसला जायला किती वेळ लागेल? मी म्हटलं, पंधरा-वीस मिनिटं.

"पंधरा का वीस?"

"म्हणजे... अंदाजे."

"पुण्याचा दिसतो," ते काकूंकडे वळून म्हणाले. तरी खोली दिली, हे त्यांचे उपकार.

पुंगळ्या स्वच्छ करायला बाजारात यंत्रं मिळतात, द्रव्यं मिळतात. काकांचा विश्वास फक्त चिंचेवर. देवाची पितळी भांडी ज्या पाण्यात, त्याच पाण्यात पुंगळ्या. मग धुऊन, पुसून जुन्या धोतरावर वाळत घालतात. इंडियन ग्रोसरीत आणलेली चिंच आठवडाभर टिकत नाही. "आमटीला चिंच मागितली की हे म्हणतात, टोमॅटो घाल," अशी कुसुमकाकूंची तक्रार. दसऱ्याला रिव्हॉल्व्हरची पूजाही होते. एका वर्षी मुठीवरचं कुंकू पुसायचं राहिलं आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या अधिकाऱ्याला वाटलं, कुणाला तरी लागलंय. त्याला खंडेपूजा समजावून सांगण्यात माझा अर्धा रविवार गेला.

आता खरी गंमत. या गृहस्थानं जन्मात एकही गोळी झाडलेली नाही. आवाजाला घाबरतात. रेंजवर कानात बोळे, त्यावर मफ, त्यावर माकडटोपी, आणि तरीही बार उडायच्या आधी डोळे घट्ट मिटलेले. झाडतात त्या काकू.

पाच फूट उंची, अंगात पार्का, पायात बर्फाचे बूट आणि हातात ते धूड. कॉलेजात एनसीसीत होत्या, नेम तिथलाच. रेंजवरचे दणकट शेतकरी त्यांना 'मिसेस के' म्हणतात आणि बाजूला होऊन बघत राहतात. सहा बार झाले की काकू रिकाम्या पुंगळ्या काकांच्या ओंजळीत ओततात, आणि काका त्या गरम पुंगळ्या चष्मा वर करून एकेक तपासतात.

हे सुरू कसं झालं, ते काकांनीच सांगितलं. मुलगी नोकरीसाठी देशाच्या पार पश्चिम टोकाला, बर्नाबीला गेली आणि घरात काकूंचं बोलणंच बंद झालं. दिवसभर खिडकीपाशी बसायच्या. "मी ड्यूटीवरून यायचो तर दिवासुद्धा लावलेला नसायचा, बाप्पा." कुणीतरी रेंज सुचवली. रीतसर लायसन्स झालं, रिव्हॉल्व्हर आलं. पहिल्या दिवशी बार काढून काकू ज्या हसल्या, त्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. दुकानची काडतुसं महाग आणि नेहमी मिळतही नसत. तेव्हा काकांनी बाक ठोकला.

मागच्या वर्षी काकूंचं मनगट दुखायला लागलं. संधिवात. डॉक्टर म्हणाले, जड काही नको, झटके नकोत. काकूंनी घरी येऊन जाहीर केलं, "झाडीन तर पूर्ण जोराचं झाडीन. ज्या दिवशी झेपणार नाही, त्या दिवशी पोलिसांत जमा करून टाकू." आणि आता इथला कायदा असा की रिव्हॉल्व्हर नवं घेता येत नाही, विकता येत नाही, पोरीला देताही येत नाही. एकदा जमा केलं की संपलं. त्यापुढे काय, हे काकांना ठाऊक होतं. खिडकी.

त्यानंतर कधीतरी मी कपडे धुवायला गेलो, तर बाकावर बारुदेचा वेगळा डबा. मी काही विचारायच्या आत काकांनी मला बाहीला धरून कोपऱ्यात ओढलं.

"हलक्या भाराची आहे. पुस्तकात दिलेलं माप आहे, बरोब्बर. धक्का निम्मा बसते." मग वर जिन्याकडे पाहत म्हणाले, "तिला कळलं तर सोडून देईन ती. बोलशील तर खोली खाली कर."

मी बोललो नाही. हलकी काडतुसं सुरू झाली. त्यांचा आवाजही जरा बसका, पण कानांवर मफ असताना कोण लक्ष देतो? काकू झाडत राहिल्या.

मग परवाच्या रविवारची गोष्ट. बर्फ नुकतं वितळलं होतं. रेंजवर ब्रायन नावाचा एक उमदा गडी शेजारी होता. काकूंचा नेम पाहून तो खूश झाला आणि त्यानं दुकानच्या काडतुसांचा नवा कोरा डबा पुढे केला. "ट्राय माइन, मिसेस के! फुल पॉवर!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यातलं एक जरी काडतूस उडालं, तर काकूंना फरक कळणार होता, आणि मनगटाचं काय झालं असतं ते वेगळंच.  

काकूंनी डब्याकडे पाहिलं. मग काकांकडे.

"नो थँक यू, ब्रायन," त्या म्हणाल्या. "आय शूट ओन्ली होममेड. हिज आर टू स्ट्राँग. युवर्स विल फील लाइक नथिंग."

आणि त्यांनी घरचं काडतूस भरून बार काढला. हात असा काही आभाळाकडे उडवला की ब्रायन दोन पावलं मागे सरला. निम्म्या धक्क्यानं एवढा हात उडत नाही, हे इतक्या रविवारांनंतर मलाही कळतं.

काका वॉशरूमला गेले तेव्हा काकूंनी मफ काढला.

"बघतोस काय असा? पहिल्याच बाराला कळलं होतं मला. मूठ माझ्या हातात असते."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू रे? रात्र-रात्र फर्नेस बंद करून, कुडकुडत, दाणा-दाणा मोजतात. माझ्यासाठी." त्यांचे डोळे भरून आले. "आणि मला तरी कुठे सोडायचंय हे? तू बोलू नकोस हं त्यांना."

मी मान डोलावली. दोन्हीकडून गप्प राहायची शपथ घेतलेला भाडेकरू मीच एकटा असेन. 

परतताना गाडी मी चालवत होतो, दोघं मागे. जरा वेळानं काकांनी विचारलं, "जोर कसा होता आज?"

"मेला फार लागला हो," काकू म्हणाल्या. "पुढच्या खेपेला जरा कमी घाला."

"अजिबात नाही! एक दाणा कमी होणार नाही!" काका कडाडले. आणि काकूंचा उजवा हात मांडीवर घेऊन, मनगट दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू दाबत घरापर्यंत आले.