अर्थासहित दहा शब्द

पद्मजा चुलतभावाच्या लग्नाला साताऱ्याला गेली, आणि लेकीच्या, वल्लरीच्या दप्तरातला कागद शनिवारी एकट्या श्यामच्या हाती पडला. कागदावर दहा इंग्रजी शब्द होते. खाली एक ओळ होती: 'सोमवारी वाचनचाचणी. सराव घ्यावा.'

वल्लरी पहिलीत होती. तिच्या शाळेत फोनिक्सने वाचन शिकवत, म्हणजे आधी अक्षरांचे आवाज आणि मग आवाज जोडून शब्द. वर्गात वाचनाचे तीन गट होते. वल्लरी तिसऱ्यात होती आणि तिची मैत्रीण सुरुची दुसऱ्यात. सोमवारी दहापैकी आठ शब्द वाचले, की वल्लरीला सुरुचीशेजारी बसायला मिळणार होतं. आठवडाभर तिला दुसरा विषय नव्हता.

"वाच," श्याम म्हणाला.

"म्, इ, प्. मिप."

"मिप म्हणजे काय?"

"माहीत नाही."

"अर्थ माहीत नसताना वाचतेस? पोपट आहेस का?"

श्यामने शब्दकोश काढला. त्यात मिप नव्हता. झॉब, ट्रिफ, स्नेगही नव्हते. पद्मजा फोन उचलेना. तेव्हा तो वरच्या मजल्यावर तात्यारावांकडे गेला. त्यांनी एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं.

"शब्दकोश कोणता आहे तुमच्याकडे?" तात्यारावांनी विचारलं.

"माझा शाळेतला."

"मग कसा सापडेल?"

"म्हणजे हे शब्द आहेत?"

"शाळा काय उगाच छापेल? लिहून घ्या. मिप म्हणजे कोकरू. स्कॉटलंडकडे म्हणतात. झॉब म्हणजे बोथट. स्नेग ही एक होडी." ट्रिफपाशी ते थबकले. "हा वैद्यकातला आहे. खाली आमोदला विचारा."

तळमजल्यावर डॉक्टर आमोद एकाची दाढ भरत होते.

"ट्रिफ? दाढेमागचा मांसल भाग. हल्ली फारसं कोणी म्हणत नाही," ते म्हणाले. खुर्चीतल्या माणसाने तोंडात कापूस असतानाच मान डोलावली. त्याचा बहुधा काढला होता. "आणि स्नेग ही होडी नाही. सूज."

रविवारी दिवसभर श्यामने शब्दावर बोट ठेवायचं आणि वल्लरीने अर्थ सांगायचा, असा सराव झाला. स्नेगचे दोन्ही अर्थ पाठ करून घेतले.

"बाबा, ताई म्हणाल्या नुसतं वाचायचं."

"ताईंना अर्थ सांगायला वेळ नसेल."

सोमवारी शाळा सुटताना वर्गाच्या उत्कर्षाताईंनी श्यामला थांबवून घेतलं.

"मी मिप दाखवलं, तर वल्लरी म्हणाली कोकरू. स्नेग दाखवलं, तर होडी किंवा सूज."

"बरोबर आहे ना?"

"अहो, या शब्दांना अर्थच नाही. मुलं पाठ केलेला शब्द ओळखतात की खरंच आवाज जोडून वाचतात, हे कळावं म्हणून आम्हीच ते तयार करतो. पालकसभेत सांगितलं होतं."

"सभेला तिची आई आली होती."

"शुक्रवारी ही असे शब्द धडाधड वाचत होती."

श्यामने वल्लरीकडे पाहिलं. ती सुरुचीच्या रिकाम्या बाकाकडे बघत होती.

"आता काय करायचं?" त्याने हळूच विचारलं.

"नवे दहा देते. गुरुवारी पुन्हा चाचणी घेईन. पण तुम्ही घरी काही शिकवू नका." ताईंनी नव्या कागदावर लाल शाईने 'या शब्दांना अर्थ नाही' असं लिहून खाली सही केली.

जिन्यात तात्याराव भेटले. श्यामने पुरावा म्हणून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लाल ओळ दोनदा वाचली.

"कोणी लिहिलंय?"

"वर्गाच्या ताईंनी."

"प्रामाणिक दिसतात. माहीत नाही तर सरळ कबूल केलं. आणा इकडे, मी बघतो."

वल्लरीने कागद ओढून घेतला. तिथेच पायरीवर उभं राहून, एकेक आवाज जोडत, दहाच्या दहा शब्द घाईघाईने वाचून टाकले, आणि तात्यारावांनी तोंड उघडण्याआधी दोन्ही कानांत बोटं घातली.