दंतोजी हत्ती: जीवन व कार्य

एका जंगलात, मुलांनो, एक झरा होता आणि एक वाचनालय होते. त्यातला झरा आटला, तेव्हाची ही गोष्ट.

वाचनालय बंद पडले असते तर गोष्ट झालीच नसती. तिथे सदोबा साळिंदराशिवाय कोणी जातच नसे. सदोबा हा सिंहाच्या कचेरीतला निवृत्त कारकून. त्याला एकच नाद होता, थोरांची चरित्रे वाचण्याचा. सावलीत पाय पसरायचे, पोटावर एखादा थोर पुरुष उघडा ठेवायचा आणि त्याने सोसलेल्या हालअपेष्टा वाचत सुपारी चघळायची. याहून मोठे सुख त्याला ठाऊक नव्हते.

त्याचे सर्वांत आवडते चरित्र दंतोजी हत्तीचे. दंतोजी गणितात कच्चे होते. सदोबाही होता. दंतोजींना दुपारी झोप आवरत नसे. सदोबाने ती कधी आवरून पाहिलीच नव्हती. दंतोजींचे भावाशी पटत नसे, आणि सदोबाने तर भावाचे तोंड बघणेच सोडले होते. असे काही सापडले की तो समासात पेन्सिलीने खूण करी. इतके सगळे जुळत होते, फक्त थोरपणा तेवढा यायचा राहिला होता.

फार पूर्वी असाच झरा आटला असताना दंतोजींनी जंगलाला पाणी मिळवून दिले होते, हे सगळ्यांना माहीत होते. कसे मिळवले, ते कोणालाच माहीत नव्हते. म्हणून जंगलाची सरपंच अस्वलीण सगळ्यांना घेऊन सदोबाकडे आली. झऱ्यात आता गाळ तेवढा उरला होता आणि हरणांची पाडसे तोच चाटत होती.

"सदूभाऊ, तुमचा अभ्यास आहे," ती म्हणाली. "दंतोजींनी काय केलं ते सांगा. आम्ही तसं करतो."

सदोबाचे काटे अभिमानाने ताठ झाले. जीवन समजल्याशिवाय कार्य समजत नाही, असे सांगून त्याने थेट बालपणापासून सुरुवात केली. चोरलेली कवठे झाली. त्याबद्दल खाल्लेला मार झाला. लग्नात रुसून बसलेले सासरे आले, तेव्हा तर प्राणी तहान विसरले. रानडुक्कर तो प्रसंग रोज पुन्हा सांगायला लावू लागला. संध्याकाळी सगळे तृप्त होऊन घरी जात आणि पाण्याचे विचारायचे राहून जाई.

शेवटी गाळही वाळला. अस्वलीण म्हणाली, सासरे पुरे झाले, पोरे माना टाकायला लागली आहेत. उद्या नक्की सांगतो, म्हणून सदोबा घरी आला.

त्याची बायको गोदूताई दारातच उभी होती. "अहो, दंतोजींच्या सासऱ्याचा दात कधी पडला तेसुद्धा तुम्हाला पाठ. आणि पाणी कुठून आलं ते माहीत नाही?"

"तो भाग जरा रूक्ष आहे," सदोबा म्हणाला.

खरे तर त्याने तो भाग उघडलाच नव्हता. पुस्तकाचा 'जीवन' हा अर्धा भाग सुपारीच्या डागांनी लाल झाला होता. 'कार्य' या अर्ध्याची पाने मात्र छापखान्यातून आली तशी जोडलेलीच होती. सदोबाने अंगावरचा एक काटा उपटला आणि ती पाने कापली.

आत सगळे सरळ लिहिले होते. टेकडीमागच्या उंबराखाली पाणी आहे. दंतोजींनी काही चमत्कार केला नव्हता. ते पहाटे उठून सगळ्यांच्या बरोबरीने खणत होते, पाणी लागेपर्यंत. नकाशाही होता. ते वाचताना सदोबाला दोनदा डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने तो भाग प्रामाणिकपणे वाचून दाखवला. कोणी हसले नाही. रानडुकराने जांभई दिली. पाणी लागले तेव्हा सासरे आले होते का, असे सशाने विचारले. ते आले नव्हते. 'पहाटे उठून' हे शब्द आले, तसे मागचे प्राणी हळूहळू सरकू लागले.

वाचन संपले. मग अस्वलिणीने हात जोडले.

"थोर होते हो दंतोजी," ती म्हणाली. "आपल्याच्यानं कुठलं व्हायला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सदोबाने सर्वांत जोरात डोलावली. कोणीतरी आपल्या हातात कुदळ देईल, या धास्तीने त्याला सकाळपासून खाणे गेले नव्हते.

त्याच दिवशी जंगल उठले आणि शेजारच्या जंगलातल्या नदीकडे निघाले. तिथे त्यांना इतरांचे पिऊन झाल्यावर पाणी मिळणार होते. उन्हात पुस्तक जड होऊ लागले, तेव्हा सदोबाने ते मधोमध फाडले आणि नको तो अर्धा टाकून दिला.

टेकडीमागे सगळ्यांनी एका उंबराखाली विसावा घेतला. तिथली माती विलक्षण गार होती. त्या गारव्याला पाठ टेकून सदोबाने सासऱ्यांचे प्रकरण पुन्हा एकदा वाचून दाखवले. त्या दिवशी ते फारच रंगले.

तात्पर्य: मुलांनो, थोरांची चरित्रे लहानपणापासून वाचत जा. ते थोर होते हे एकदा मनावर पक्के ठसले, की जन्मभर आपल्याला खणावे लागत नाही.